नंबर गेला, पण कडेला राहिला

रात्री झोपताना डोळ्यांत घालायच्या आणि सकाळी काढून ठेवायच्या लेन्सची जाहिरात सहसा एकाच वाक्याभोवती फिरते : दिवसभर चष्मा नको. वाक्य खोटं नाही. मायनस दोन-तीन नंबर असलेल्याने ही कडक लेन्स आठवडा-दहा दिवस रोज रात्री नेमाने घातली, तर सकाळी भिंतीवरच्या कॅलेंडरच्या तारखा त्याला चष्म्याविना वाचता येतात आणि नेत्रतज्ज्ञाकडच्या तक्त्यावरची ‘६/६’ची ओळही. या पद्धतीला ऑर्थोकेराटॉलॉजी म्हणतात. बोलताना सगळे ‘ऑर्थो-के’ म्हणतात. पण तक्ता वाचायला आपण डोळ्याचा जो भाग वापरतो तो फार छोटा असतो. हात लांब करून अंगठा उभा धरला, तर नखाची रुंदी डोळ्याशी साधारण दोन अंशांचा कोन करते. आपली नजर पूर्ण धारदार असते ती जवळपास तेवढ्याच क्षेत्रात. एका डोळ्याला आडवं दिसणारं एकूण क्षेत्र मात्र दीडशे अंशांच्या घरात जातं. त्यामुळे ‘६/६’ हा निकाल नजरेच्या फार लहान तुकड्याचा असतो, आणि ऑर्थो-के लेन्स नेमका मधल्या भागाचा नंबर उतरवते, कडेचा जवळजवळ तसाच ठेवते. ही गोष्ट रुग्णाला क्वचितच समजावून सांगितली जाते, आणि सांगितली तरी ‘किरकोळ मर्यादा’ म्हणून. माझ्या मते या लेन्सचा सगळा हिशेब या कडेच्या नजरेवरच मांडायला हवा. वाढत्या वयाच्या मुलाला तिचा जो फायदा होतो तो बहुधा कडेमुळेच होतो, आणि मोठ्या माणसाला जी किंमत मोजावी लागते तीही बरीचशी मधला भाग आणि कड यांच्यातल्या या तफावतीचीच असते.

कडेचा नंबर का राहतो, हे कळायला लेन्स काय करते ते थोडं जवळून पाहावं लागेल. डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक घुमटाला कॉर्निया म्हणतात. मध्यावर त्याची जाडी साधारण ५४० मायक्रॉन, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरहून जराशी जास्त. त्यातला सगळ्यात वरचा, सतत नव्याने तयार होत राहणारा पेशींचा थर अवघा ५० मायक्रॉनचा. ऑर्थो-के लेन्सचं मुख्य काम या थरात चालतं. लेन्सचा मधला भाग कॉर्नियापेक्षा मुद्दाम सपाट घडवलेला असतो, त्याला लागून एक अरुंद कडं जास्त वळणाचं असतं, आणि त्याबाहेर कॉर्नियाच्या उताराशी जुळणारी पट्टी असते, जी लेन्सला जागेवर धरते. लेन्स आणि डोळा यांच्यामध्ये अश्रूंचा थर असतो. मध्यावर तो काही मायक्रॉनांचाच, तर कड्याखाली बराच जाड. पापणी मिटलेली असताना या फरकामुळे मध्यावर दाब येतो आणि कड्याखाली उलट, ओढ निर्माण होते. अशा काही रात्रींत मधला पेशीथर दहा-वीस मायक्रॉनांनी पातळ होतो आणि कड्याखालचा कॉर्निया किंचित जाड. सकाळी लेन्स काढल्यावर घुमट तोच असतो, पण त्याचा माथा बसका झालेला असतो आणि माथ्याभोवती जास्त वळणाचं एक वलय तयार झालेलं असतं. लेन्स घालणं थांबवलं की काही दिवसांत, फार तर काही आठवड्यांत, माथा पुन्हा पूर्ववत होतो.

आता यातलं गणित बघा. लेझरने नंबर काढताना कॉर्निया किती घासावा लागेल, याचं एक सोपं सूत्र चार्ल्स मनरलिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ साली मांडलं : सुधारायच्या वर्तुळाचा व्यास मिलिमीटरमध्ये घ्या, त्याचा वर्ग करा, त्याला नंबराने गुणा आणि तीनने भागा, उत्तर मायक्रॉनमध्ये येतं. मायनस ३ नंबर ६ मिलिमीटर व्यासाच्या वर्तुळात उतरवायचा, तर मध्यावर ३६ मायक्रॉन कमी करावे लागतात. तोच नंबर ४ मिलिमीटरच्या वर्तुळात उतरवायला १६ मायक्रॉन पुरतात. लेझर आतल्या जाड थरावर काम करतं, त्याला ३६ परवडतात. पन्नास मायक्रॉनांच्या पेशीथराला ते परवडण्यासारखे नाहीत. म्हणून ऑर्थो-केमध्ये खऱ्या अर्थाने सुधारलेलं वर्तुळ लहान राहतं, आणि नंबर जितका मोठा तितकं ते आणखी आकसतं. कडेचा नंबर न उतरणं हे एखाद्या कंपनीच्या लेन्समधलं वैगुण्य नव्हे. ही पद्धत जिथे काम करते त्या थराच्या जाडीतूनच ते येतं.

इतिहास थोडक्यात सांगायचा तर, कडक लेन्सने कॉर्निया सपाट करण्याची कल्पना शिकागोचे जॉर्ज जेसन यांनी १९६२च्या सुमारास मांडली. तेव्हाच्या लेन्समधून प्राणवायू जात नसे आणि त्या मध्यावर टिकतही नसत. मध्यापेक्षा जास्त वळणाचं कडं असलेली लेन्स १९८९ साली व्लोडिगा आणि स्टोयान यांनी पुढे आणली, दरम्यान प्राणवायू जाऊ देणारं प्लास्टिकही आलं, आणि २००२ साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाने रात्रभर घालायच्या अशा लेन्सला पहिली मान्यता दिली. या चाळीस वर्षांत सगळ्यांचं लक्ष तक्त्याकडेच होतं. कडेच्या नजरेचं काय होतं, हा प्रश्न गांभीर्याने विचारला गेला तो त्यानंतर.

त्या प्रश्नाचं उत्तर समजायला आधी मायनस नंबरवाल्या डोळ्याचा आकार लक्षात घ्यावा लागतो. निकटदृष्टिता म्हणजे बहुतेक वेळा पुढून मागे लांबलेला डोळा. लांबच्या वस्तूची प्रतिमा डोळ्याच्या मागच्या पडद्यावर पडायच्या ऐवजी त्याच्या पुढेच तयार होते. पण डोळा सगळीकडे सारखा लांबत नाही. तो मागच्या टोकाला जास्त लांबतो, त्यामुळे कडेचा पडदा तुलनेने पुढे राहतो आणि तिथला मायनस मध्यापेक्षा कमी असतो. समजा, मध्यावर मायनस ३ आहे आणि नजरेच्या सरळ रेषेपासून तीस अंश बाजूला मायनस २. या माणसाला नेहमीचा मायनस ३चा चष्मा दिला की मध्यावर प्रतिमा बरोबर पडद्यावर येते, पण कडेला मायनस एकने जास्त दिला गेल्यामुळे ती पडद्याच्या मागे जाते. म्हणजे चष्मेवाल्याची कडही धूसरच असते, फक्त तिथला दोष उलट्या दिशेचा असतो. ऑर्थो-केनंतर चित्र बदलतं. नील चार्मन, जॉन माउंटफोर्ड, डेव्हिड ॲचिसन आणि एम्मा मार्कवेल यांनी २००६ साली ऑर्थो-के घेणाऱ्यांच्या कडेचा नंबर मोजून प्रसिद्ध केला. मधल्या भागातला नंबर बऱ्यापैकी उतरलेला होता. जसजसं बाजूला जावं तसतसा परिणाम ओसरत होता. तीस अंशांच्या आसपास नंबर जवळजवळ आधीइतकाच होता. पुढे पोर्तुगालमध्ये आणि सिडनीत, मुलांवरही, केलेल्या मोजणीतून हाच आकृतिबंध दिसला. आपल्या उदाहरणातल्या माणसाची स्थिती अशी होते : मध्यावर शून्य, कडेला मायनस २. प्रतिमा आता कडेला पडद्याच्या पुढे पडते. चष्म्यात ती मागे होती, ऑर्थो-केत ती पुढे आली. या लेखातली पुढची सगळी चर्चा या एका उलटापालटीची आहे.

यावर पहिली शंका अशी येते की, मग माणसाला बाजूचं दिसायचं कमी होतं का? दिसण्याचं क्षेत्र कमी होत नाही. कॉर्नियाचा माथा बसका झाल्याने नजरेला झापड लागत नाही. प्रश्न असतो तो स्पष्टतेचा, आणि कडेला स्पष्टतेचा अर्थ वेगळा आहे. कडेच्या नजरेने आपण वाचत नाही. तिथे पडद्यातल्या चेतापेशी इतक्या विरळ असतात की प्रतिमा कितीही नेटकी पाडली तरी अक्षर ओळखता येत नाही. कडेचं काम वेगळं : काहीतरी आहे हे कळणं, ते हललं हे कळणं, आणि मान त्या दिशेला वळवणं. डावीकडून अचानक घुसणारी दुचाकी आपल्याला आधी कडेने जाणवते, ओळखू येते ती मान वळल्यावर. अमेरिकेतल्या इंडियाना विद्यापीठातल्या वाँग, थिबोस आणि ब्रॅडली यांनी १९९७ साली दाखवून दिलं की कडेला बारकावे ओळखण्याच्या क्षमतेवर धूसरपणाचा फारसा परिणाम होत नाही, पण ‘काहीतरी आहे’ हे हेरण्याच्या क्षमतेवर होतो. त्यामुळे ‘कडेला असंही काही नीट दिसत नाही, मग राहिला नंबर तर काय बिघडलं’ हा युक्तिवाद अर्धाच खरा आहे. भर उन्हात, ठळक वस्तूंच्या बाबतीत काही बिघडत नाही. संधिप्रकाशात, राखाडी रस्त्यावर राखाडी कपड्यातला माणूस बाजूने आला, तर कडेचा धूसरपणा थोडा नडू शकतो. शिवाय ऑर्थो-केनंतर कॉर्नियाच्या वळणात जे चढउतार येतात त्यामुळे कडेच्या प्रतिमेत इतर विकृतीही वाढतात. या संदर्भातल्या मोजण्यांत प्रकाशबिंदूला एका बाजूला शेपूट फुटल्यासारखी विकृती, जिला कोमा म्हणतात, वाढलेली आढळली आहे.

तरीही तुलना कशाशी करायची हे विसरता कामा नये. आदर्श डोळ्याशी तुलना केली तर ऑर्थो-केची कड निकृष्ट ठरेल. पण या लेन्सचा विचार करणाऱ्यासमोर पर्याय असतो तो चष्म्याचा. चष्म्याची काच जिथे संपते तिथून पुढे नंबर अजिबात उतरलेला नसतो. त्यात फ्रेमची दांडी आड येते. आणि काचेच्या आतही, वर पाहिल्याप्रमाणे, कडेला उलटा दोष असतोच. चष्मेवाला माणूस रस्ता ओलांडताना मान जास्त वळवतो, आणि वर्षानुवर्षं त्याचं निभावतं. त्यामुळे ऑर्थो-के घेतल्याने कडेची नजर गेली असं म्हणणं अन्यायाचं होईल. मूळचा मायनस कडेला तसाच राहिला, एवढंच म्हणता येईल.

इथे एक गफलत नेहमी होते, ती दूर केली पाहिजे. ऑर्थो-के घेणारे रात्री दिव्यांभोवती वलयं दिसतात अशी तक्रार करतात, आणि ती कडेच्या नजरेची तक्रार समजली जाते. तसं नाही. कडेची नजर म्हणजे तिरप्या दिशेने डोळ्यात शिरून पडद्याच्या बाजूच्या भागावर पडणारा प्रकाश. वलयं दिसतात ती सरळ समोर पाहताना, पडद्याच्या मध्यावर. दिवसा बाहुली तीनेक मिलिमीटरची असते आणि प्रकाश फक्त सपाट माथ्यातून आत येतो. अंधारात ती पाच-सहा मिलिमीटरपर्यंत, तरुणांत त्याहूनही जास्त मोठी होते, आणि मग माथ्याभोवतीच्या जास्त वळणाच्या वलयातूनही प्रकाश आत शिरतो. त्याची प्रतिमा पडद्याच्या पुढे तयार होते आणि समोरून येणाऱ्या गाडीच्या हेडलाइटभोवती फिकट कडं दिसू लागतं. लेन्स रात्री मध्यावरून सरकत असेल तर हे कडं एका बाजूला जास्त फाकतं. दोन्ही त्रासांचं मूळ एकच, लहान सुधारलेलं वर्तुळ. पण एक त्रास नजरेच्या बाजूला होतो आणि दुसरा अगदी समोर. दिवसा उजेडात वाचलेला तक्ता या दोन्हींबद्दल काहीच सांगत नाही.

आता मुलांकडे वळू, कारण जगात ऑर्थो-केचा प्रसार झाला तो मुख्यतः त्यांच्यासाठी, आणि त्यातही हाँगकाँग, तैवान आणि चीनमध्ये. मुलाचा मायनस वाढतो म्हणजे त्याचा डोळा लांबतो. एक मिलिमीटर लांबी म्हणजे साधारण अडीच नंबर. नंबर मोठा झाला की पुढच्या आयुष्यात पडदा सुटण्याची आणि पडद्याच्या मध्यावरचा पीतबिंदू झिजण्याची भीती वाढते. मार्क बुलिमोर आणि नोएल ब्रेनन यांनी २०१९ साली मांडलेल्या हिशेबानुसार, अंतिम नंबर एकाने कमी राखता आला तरी निकटदृष्टितेमुळे पीतबिंदू बिघडण्याचा धोका सुमारे ४० टक्क्यांनी घटतो. दिल्लीतल्या शाळकरी मुलांच्या २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत १३.१ टक्के मुलांना मायनस नंबर आढळला होता. पूर्व आशियातल्या मोठ्या शहरांच्या मानाने हा आकडा लहान आहे, पण निर्धास्त राहावं इतका लहान नाही.

वाढणारा डोळा आपली लांबी कशावरून ठरवतो, या प्रश्नावर ह्यूस्टन विद्यापीठातल्या अर्ल स्मिथ यांच्या गटाने माकडांच्या पिल्लांवर केलेलं काम निर्णायक ठरलं. २००५ साली त्यांनी दाखवलं की पिल्लांना मध्यावर स्वच्छ खिडकी आणि कडेला धूसर काच असलेला चष्मा लावून वाढवलं तर त्यांच्या डोळ्यांना मायनस नंबर येऊ शकतो, जरी मध्यभागी त्यांना स्पष्ट दिसत असलं तरी. उलट, पडद्याचा मध्यबिंदू लेझरने निकामी केला तरी डोळ्याची वाढ नियंत्रित होत राहिली. पुढच्या प्रयोगांत कडेची प्रतिमा पडद्यामागे ढकलणाऱ्या काचांनीही डोळा लांबला. आजवर मध्याला मिळालेलं महत्त्व डोळ्याच्या वाढीबाबत तरी कडेकडे सरकलं. आणि मग एक अस्वस्थ करणारा विचार पुढे आला : वर्षानुवर्षं आपण मुलांना जो साधा चष्मा देत आलो, तो कडेची प्रतिमा पडद्यामागेच तर टाकतो. ऑर्थो-के तीच प्रतिमा पुढे आणते.

हाँगकाँगच्या पॉलिटेक्निक विद्यापीठात पॉलीन चो आणि सिन-वान चेउंग यांनी सहा ते दहा वर्षांच्या मुलांवर चिठ्ठ्या टाकून विभागणी केलेली चाचणी घेतली; तिचे निष्कर्ष २०१२ साली आले. दोन वर्षांत साधा चष्मा घालणाऱ्या मुलांचे डोळे सरासरी ०.६३ मिलिमीटरने लांबले, ऑर्थो-के घेणाऱ्यांचे ०.३६ मिलिमीटरने. म्हणजे वाढ ४३ टक्क्यांनी कमी. जपान, स्पेन आणि इतरत्र झालेल्या अभ्यासांनीही याच दिशेचे निष्कर्ष दिले. लेन्स वाढ मंदावते, याबद्दल आता फारसा वाद उरलेला नाही. वाद आहे तो कडेमुळे मंदावते का, याबद्दल, आणि त्यातले आक्षेप हलके नाहीत.

सगळ्यात वजनदार आक्षेप निसर्गाचाच आहे. डच संशोधक हूगरहाइड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७१ साली तरुण वैमानिकांच्या पाहणीवरून सुचवलं होतं की ज्यांच्या कडेची प्रतिमा मागे पडते त्यांना पुढे मायनस येतो. पण अमेरिकेत डोनाल्ड मट्टी यांच्या गटाने मोठ्या संख्येने मुलांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा करून २०११ साली सांगितलं की कडेच्या या स्थितीचा मायनस येण्याशी फारसा सुसंगत संबंध नाही. २०१५ साली चीनमधल्या मुलांवरच्या अभ्यासात ॲचिसन आणि सहकाऱ्यांनाही तेच आढळलं. दुसरा आक्षेप असा की, ऑर्थो-के घेणाऱ्या मुलांत कडेचा नंबर किती बदलला आणि वाढ किती मंदावली यांचं नातं सगळ्या अभ्यासांत जुळत नाही. आणि तिसरा, सर्वांत ताजा : कडेला प्रतिमा पुढे न आणता तिथला काळ्या-पांढऱ्यातला फरक फक्त पुसट करणाऱ्या चष्म्यांनीही मुलांचा नंबर मंदावल्याचं दिसलं आहे. मग ‘पुढे-मागे’च्या सिद्धान्ताचं काय?

पहिल्या आक्षेपाचं उत्तर, मला वाटतं, दोन वेगळे प्रश्न वेगळे ठेवण्यात आहे. डोळा जन्मतः ज्या घडणीचा आहे तिच्यातून रोग उद्भवतो का, हा एक प्रश्न. बाहेरून काच लावून कडेला ठळक बदल घडवला तर वाढीवर परिणाम होतो का, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर ‘फारसं नाही’ असलं तरी दुसऱ्याचं ‘होय’ असू शकतं. नैसर्गिक फरक अर्ध्या-एका नंबराचे असतात, ऑर्थो-केने घडवलेला बदल त्याहून बराच मोठा असतो. दुसऱ्या प्रश्नाला मिळणारे पुरावे एका लेन्सपुरते नाहीत. अमेरिकेतल्या ‘ब्लिंक’ चाचणीत सात ते अकरा वर्षांच्या २९४ मुलांना मधून स्वच्छ आणि कडेला प्लस ताकद असलेल्या मऊ लेन्स दिल्या. तीन वर्षांत साध्या लेन्सवाल्यांचा नंबर १.०५ने वाढला, कडेला मध्यम प्लस असलेल्यांचा ०.८९ने आणि सर्वाधिक प्लस असलेल्यांचा ०.६०ने. हाँगकाँगमध्येच तयार झालेल्या, मधलं वर्तुळ साधं आणि भोवती शेकडो बारीक प्लस भिंगं असलेल्या चष्म्याने दोन वर्षांत नंबरवाढ ५२ टक्क्यांनी कमी केली. तीन वेगळी साधनं, तिन्हींत मध्य स्वच्छ आणि कड बदललेली.

मात्र मला सर्वांत पटणारा पुरावा ऑर्थो-केच्या आतूनच येतो. सुधारलेलं वर्तुळ मुद्दाम लहान केलं तर काय होतं, हे हाँगकाँगच्या त्याच विद्यापीठात तपासलं गेलं. लेन्सचा मधला सपाट भाग नेहमीच्या ६ मिलिमीटरऐवजी ५ मिलिमीटरचा ठेवला. एका वर्षात ६ मिलिमीटरवाल्या मुलांचे डोळे सरासरी ०.१७ मिलिमीटरने लांबले, ५ मिलिमीटरवाल्यांचे फक्त ०.०४ने. तक्त्याच्या दृष्टीने जी लेन्स जास्त अपुरी, तीच वाढ रोखण्यात सरस ठरली. २०१२च्या एका अभ्यासात मोठ्या बाहुलीच्या मुलांना ऑर्थो-केचा जास्त फायदा झालेला दिसला, आणि चष्मेवाल्या मुलांत बाहुलीच्या आकाराने असा फरक पडला नाही. म्हणजे सपाट माथ्याबाहेरून, वलयातून येणारा प्रकाश जितका जास्त, तितकी वाढ कमी. बाकीचे दोन आक्षेप यामुळे पूर्ण मिटत नाहीत, हे मान्य केलं पाहिजे. डोळा प्रतिमा पडद्याच्या पुढे आहे की मागे हे ओळखतो, की कडेचा एकूण ठळकपणा कमी झाल्याचं ओळखतो, हे अजून सुटायचं आहे. पण यांपैकी काहीही खरं ठरलं तरी सूत्रं माथ्याबाहेरच्या प्रकाशाच्याच हाती राहतात. ज्या धूसरपणाला आपण उणीव म्हणतो तो काढून टाकून मध्यापासून कडेपर्यंत सगळा नंबर उतरवणारी ‘परिपूर्ण’ लेन्स उद्या कोणी बनवली, तर मुलांसाठी ती आजच्या लेन्सपेक्षा वाईट ठरण्याचीच शक्यता मोठी आहे.

यातून व्यवहारात काही गोष्टी ठरतात. एक म्हणजे, मुलाच्या बाबतीत तक्ता हा प्रगतिपुस्तक म्हणून निरुपयोगी होतो. रोज रात्री नंबर झाकला जात असल्याने ‘६/६’ दिसत राहतं आणि आत डोळा लांबतच असू शकतो. खरी मोजणी डोळ्याच्या लांबीची. हे मापन डोळ्याला स्पर्श न करता, काही क्षणांत होतं, आणि ते दर सहा महिन्यांनी करून कागदावर लिहून घेतलं पाहिजे. जिथे ही लांबी मोजायची सोय नाही तिथे मुलाला ऑर्थो-के देणं म्हणजे परिणाम न मोजता उपचार करणं. दुसरं, मध्येच सोडून देण्याला किंमत आहे : चो आणि चेउंग यांनीच २०१७ साली दाखवलं की चौदा वर्षांच्या आत लेन्स थांबवली तर डोळ्याची वाढ पुन्हा वेग घेते. आणि तिसरं, वाढ थांबलेल्या तिशीतल्या माणसासाठी हा सगळा फायदा गैरलागूच आहे. त्याच्या वाट्याला फक्त चष्म्यापासूनची सुटका आणि तिच्या बदल्यात संध्याकाळची पुसट कड आणि रात्रीची वलयं येतात. काहींना हा सौदा पटेल, पोहणाऱ्याला किंवा कबड्डी खेळणाऱ्याला नक्कीच पटेल. रात्री महामार्गावर गाडी हाकणाऱ्याने मात्र तो करण्याआधी चारदा विचार करावा.

धोक्याबद्दल बोलल्याशिवाय हा हिशेब पुरा होत नाही. झोपेत डोळ्यावर लेन्स ठेवण्याने कॉर्नियाला जंतुसंसर्ग होऊ शकतो. बुलिमोर यांच्या २०१३च्या अभ्यासात मुलांमध्ये दर वर्षी दहा हजारांत सुमारे १४ जणांना असा संसर्ग झाल्याचा अंदाज आला. प्रकरणं थोडी असल्याने या अंदाजाला बरंच मागेपुढे धरावं लागतं. त्याआधी, २००१च्या सुमारास, पूर्व आशियात अशा संसर्गांची लाटच आली होती, आणि त्यांत पाण्यात राहणाऱ्या अकँथामीबा नावाच्या जंतूचा वाटा मोठा होता. लेन्स नळाच्या पाण्याने धुणं हे त्यामागचं एक ठळक कारण. हा जंतू कॉर्नियावर कायमचा पांढरा डाग ठेवून जाऊ शकतो. मुलाचा भविष्यातला धोका कमी करायला निघालेला उपचार आजच डोळ्याला इजा करणार नाही, याची हमी कोणतीही लेन्स देत नाही. ती घरातल्या शिस्तीतूनच येते.

तेव्हा सात ते बारा वर्षांच्या मुलाचा नंबर दर वर्षी वाढत असेल, रोज रात्री लेन्स घालणं-काढणं मोठ्यांच्या देखरेखीखाली होणार असेल आणि डोळ्याची लांबी मोजणारा तज्ज्ञ आवाक्यात असेल, तर ऑर्थो-के जरूर विचारात घ्या, आणि तज्ज्ञाला ‘तक्ता किती वाचेल’ याआधी ‘सुधारलेलं वर्तुळ किती मिलिमीटरचं असेल’ हे विचारा. मोठ्यांनी लेन्स घेतल्यावर पहिले काही आठवडे रात्रीची गाडी टाळावी आणि मंद उजेडात कसं दिसतं ते स्वतः तपासून मगच पुढे जावं. लेन्सला आणि तिच्या डबीला नळाचं, टाकीचं किंवा बाटलीतलं, कोणतंही पाणी लागू देऊ नका. डोळा लाल होऊन दुखू लागला, तर लेन्स काढून त्याच दिवशी डॉक्टर गाठा.